पाहुणचारातला गहू

«मावशी, मी धुळ्यात राहते, माहेर पारोळ्याकडचं. वय २९. कितीही गोळ्या घेतल्या तरी हिमोग्लोबिन वाढत नव्हतं, पोट सारखं बिघडायचं. शेवटी गेल्या वर्षी रक्ततपासणी आणि दुर्बिणीची तपासणी होऊन सिलिॲक आजार निघाला आणि डॉक्टरांनी गहू कायमचा बंद केला. घरी सासूबाईंनी सगळं समजून घेतलं, माझा तवासुद्धा वेगळा आहे. पण घराबाहेर पडलं की अडचण सुरू होते. आखाजीला, म्हणजे अक्षय तृतीयेला, माहेरी गेले, तर काकूंनी सांजोरी हातात ठेवली. 'एक घासमा काय व्हस?' म्हणाल्या. मी खाल्ली आणि पुढचे दोन दिवस झोपून काढले. मामांकडे तर नुसतं वरण-भात खाल्लं, तरी त्रास झाला. तो कशानं, हे अजून कळलेलं नाही. आता यजमान म्हणतात, कुणाकडे जायचंच नको. पण श्रावणात सासरच्या गावी कानबाई देवीचा उत्सव आहे, तिथे प्रसादाला गव्हाचे रोट असतात. दिवाळीनंतर मावसबहिणीचं लग्न आहे. नाही म्हटलं तर माणसं दुखावतात, हो म्हटलं तर मी आजारी पडते. काय करू?»

बाळ, कुणाकडे जायचंच नाही, हा उपाय मला मान्य नाही. तुझ्या यजमानांची काळजी खरी आहे, पण आजार जन्माचा आहे आणि जन्मभर नात्यांपासून लांब राहून कुणाचं भलं होत नाही. माझ्या लेकीला हाच आजार आहे. तिला घेऊन मी लग्नं, बारशी, आखाजी, सगळं केलं आहे. जाता येतं. फक्त जाण्याआधीचं काम वाढतं, आणि ते काम नेमकं कुठे करायचं हे कळावं लागतं.

आधी एक गोष्ट लक्षात घे. आपल्या खानदेशात रोजच्या जेवणाचा तुला धोका कमी आहे. ज्वारीची भाकरी, बाजरीची भाकरी, कळण्याची भाकरी, ठेचा, भरीत, डाळ, भात, पातोड्यांची भाजी, डुबुकवडे, भगर, ताक. यात गहू नाही. गहू येतो तो मान म्हणून. पाहुणा आला की भाकरीचं पीठ डब्यात जातं आणि कणीक बाहेर येते. आखाजीला खापरावरचे मांडे, पोळ्याला पुरणपोळी, कानबाईला रोट, लग्नात बट्टी, चहाबरोबर खारी नाहीतर बिस्कीट. जितकं प्रेम जास्त, तितका ताटात गहू जास्त. म्हणून जिथे जाशील तिथे 'माझ्यासाठी काही वेगळं करा' म्हणू नकोस. 'माझ्यासाठी रोजचंच करा, मला पाहुणी समजू नका' असं म्हण. ही विनंती कुणाही मामी-काकूला ओझं वाटत नाही, उलट जवळीक वाटते. पोळ्यांच्या घाण्यापेक्षा दोन भाकरी थापणं तिलाही सोपं असतं.

आता काकूंच्या 'एका घासा'बद्दल. त्यांना उत्तर देता यावं म्हणून हिशोब सांगते. बहुतेक सिलिॲक रुग्णांना दिवसाला साधारण १० मिलिग्रॅमपर्यंत ग्लुटेन, म्हणजे गव्हातलं बाधणारं प्रथिन, सोसतं असं मानतात. रोज ५० मिलिग्रॅम गेलं, तर तीन महिन्यांत आतड्याला इजा होते, हे अभ्यासात दिसलं आहे. आणि एक ग्रॅम कणकेत ग्लुटेन असतं साधारण ८० ते १०० मिलिग्रॅम. म्हणजे ग्रॅमभर कणकेच्या आठव्या-दहाव्या हिश्शातच तुझी दिवसाची मर्यादा संपते. सांजोरीच्या एका घासात ती मर्यादा वीस-पंचवीस वेळा ओलांडली जाते. शिवाय हा आजार पोट दुखण्यापुरता नाही. गव्हातलं, जवातलं ग्लुटेन पोटात गेलं की तुझी स्वतःचीच प्रतिकारशक्ती लहान आतड्याच्या अस्तरावर उलटते, तिथले अन्न शोषणारे बारीक अंकुर झिजतात. तुझं हिमोग्लोबिन वाढत नव्हतं ते त्यामुळेच. लोह पोटात जात होतं, अंगात उतरत नव्हतं. एखाद्या वेळी काही त्रास झाला नाही म्हणून आतली इजा झालीच नाही, असंही नसतं.

हे सगळं काकूंना ताटावर बसून सांगायचं नाही. तिथे ते वादासारखं होतं, चार जणं ऐकत असतात, आणि शेवटी तू एक घास खाऊन मोकळी होतेस. आदल्या दिवशी फोनवर सांगायचं. डॉक्टरांचं नाव पुढे कर आणि 'कायमचं' हा शब्द विसरू नकोस. नुसतं पथ्य म्हटलं, की सणाच्या दिवशी ते मोडायला हरकत नाही असं आपल्याकडे धरूनच चालतात. 'डाएट' तर चुकूनही म्हणू नकोस. मग समोरचा माणूस 'अगं तू बारीकच आहेस की' म्हणत आणखी एक पोळी वाढतो.

फोन कुणाला करायचा, हेही महत्त्वाचं. बोलावणं मामांचं असतं, स्वयंपाक मामीचा असतो. मामांना सांगितलेलं मामीपर्यंत 'ती पोळी खात नाही' एवढंच पोचतं. मामीशीच बोल, आणि काय नको याच्याआधी काय चालेल ते सांग. 'मामी, मनासाठे पोया करू नको, भाकर कर' एवढ्यावर अर्धं काम होतं. (भाकरीचं पीठ मात्र तुझंच, ते पुढे सांगते.) उरलेलं अर्धं काम भांड्यांचं, आणि तुझा वरण-भाताचा त्रास बहुधा तिथलाच आहे.

मामांकडे काय झालं असेल, याचे माझे अंदाज सांगते. पहिला संशय हिंगावर. बाजारात मिळणारा डबीतला हिंग बहुतेक बांधानी असतो, म्हणजे शुद्ध हिंगात पीठ आणि डिंक मिसळलेला. ते पीठ पुष्कळदा गव्हाचं किंवा मैद्याचं असतं. डबीवर घटक छापलेले असतात. गव्हासारख्या ग्लुटेनवाल्या धान्याचा उल्लेख पाकिटावर करणं आता बंधनकारक आहे, तेव्हा वाचत जा. तांदळाच्या पिठात बांधलेला हिंगही मिळतो. तुझ्या घरची डबी आजच बघ, आणि बाहेर वरणाला फोडणी हिंगाशिवाय द्यायला सांग. जिरं-लसणाची फोडणी खानदेशात कुणाला परकी नाही. दुसरा संशय पळीवर. पोळी कुस्करलेल्या ताटात वाढून तीच पळी परत वरणात गेली, की तुझं वरण गेलं. तिसरा, पोळ्या लाटताना उडणाऱ्या पिठावर. शेजारी उघडं पातेलं असेल, तर कोरडं पीठ त्यात बसतंच. तळणीच्या तेलाचंही तसंच. आधी पुऱ्या तळल्या आणि मग त्याच तेलात तुझ्यासाठी नागलीचे पापड तळले, तर ते पापड तुझ्या कामाचे नाहीत. उकळलं, तळलं, भाजलं म्हणून ग्लुटेन मरत नाही. ते काही जंतू नाही, गव्हातलं प्रथिन आहे.

मामीला हे सगळं एका दमात सांगितलंस तर ती बिचारी घाबरेल. तिला तीनच गोष्टी सांग. वरणात हिंग नको. माझं भात-वरण-भाजी पोळ्यांना हात लावायच्या आधी काढून झाकून ठेव. आणि माझ्या ताटात वाढायचा चमचा वेगळा. बाकीचं तू तिथे गेल्यावर ओट्याशी उभी राहून बघ. जरा लवकर जा, कांदा चिर, कोथिंबीर निवड. स्वयंपाकात हात लावलास की डबी कोणती, तेल कोणतं, हे न विचारता डोळ्यांना दिसतं आणि चौकशी केल्यासारखंही वाटत नाही.

भाकरीबद्दल मात्र मी कडक आहे. दुसऱ्याच्या घरच्या पिठाची भाकरी तू खाऊ नयेस असं माझं मत आहे, मग ती कितीही प्रेमानं थापलेली असो. ज्वारीत गहू नाही हे खरं, पण ती ज्वारी गावातल्या गिरणीत दळली जाते, आणि त्या गिरणीत तिच्याआधी कुणाचा तरी पायलीभर गहू दळलेला असतो. जात्याच्या तळ्यांत, पिठाच्या नळीत उरलेली कणीक पुढच्या दळणात उतरते. आधी मूठभर ज्वारी टाकून ती बाजूला काढली तरी सगळी कणीक निघत नाही. बेसन, राजगिऱ्याचं पीठ, शिंगाड्याचं पीठ, उपवासाची भाजणी, सगळ्यांचीच ही गोष्ट आहे. कळण्याचं दळण तर ज्वारी आणि उडीद एकत्र करून गिरणीतच जातं. म्हणून घरघंटी घे. पैसे लागतात, मला ठाऊक आहे, पण या आजारात एवढा खर्च मी नक्की करीन. तिच्यात गहू कधीच घालायचा नाही, 'फक्त एकदा' म्हणूनसुद्धा नाही. ज्वारी दळण्याआधी ताटात पसरून निवड. खळ्यात, पोत्यात गव्हाचे दाणे मिसळलेले असतात.

त्या पिठाचा डबा आणि एक छोटा तवा, एवढं सामान कुठेही जाताना पिशवीत असू दे. लोखंडी तव्याच्या खरखरीत अंगात पोळीचं पीठ बसून राहतं, काटवटीचं लाकूडही ते धरून ठेवतं, आणि दुसऱ्याच्या घरी ते घासत बसणं बरं दिसत नाही. स्टीलच्या धुतलेल्या ताटात पीठ मळता येतं. मामीच्याच चुलीवर, मामीच्याच हातानं, पण तुझ्या पिठाची आणि तुझ्या तव्यावरची भाकरी झाली, की तिनं तुला जेवू घातलं हे समाधान तिच्याकडे राहतं. आयत्या भाकऱ्या बांधून नेण्यापेक्षा मला हे बरं वाटतं, कारण डबा उघडून बसलेली भाची बघून मामीचं तोंड उतरतं. जिथे इतकी जवळीक नाही, तिथे मात्र खुशाल डबा ने आणि मोकळ्या मनानं उघड.

उपवासाचं नावही आपल्या कामाला येतं. एकादशी-चतुर्थीला ज्या घरात सगळ्यांचाच उपवास असतो, तिथे त्या दिवशी कणीक मळलीच जात नाही, आणि वेगळं भांडं, वेगळा चमचा म्हणजे काय हे त्या घरातल्या बायकांना समजावावं लागत नाही. भेटायला जायचा दिवस तुझ्या हातात असेल, तर असा दिवस निवड. भगर आणि दाण्याची आमटी, साबुदाणा, बटाटा, केळी. पीठ तेवढं टाळ, उपवासाचं असलं तरी.

केळ्यावरून आठवलं म्हणून सांगते. न्यूयॉर्कमधल्या सिडनी हास नावाच्या डॉक्टरांनी १९२४ मध्ये या आजाराच्या मुलांना केळ्यांवर ठेवलं होतं. पाव बंद, केळी सुरू. मुलं सुधारली आणि सगळं श्रेय केळ्याला मिळालं. खरं कारण पुढे डच बालरोगतज्ज्ञ विलेम डिके यांनी शोधलं. दुसऱ्या महायुद्धात १९४४-४५ च्या हिवाळ्यात हॉलंडमध्ये पाव मिळेनासा झाला तेव्हा ही मुलं बरी राहिली, आणि पाव परत आला तशी पुन्हा बिघडली. गव्हाचा दोष तिथून पक्का होत गेला. तेव्हा केळं औषध नाही, पण कुठल्याही घरी, कुठल्याही वेळी, सालीसकट हातात घेता येणारं ते तुझं बिनधोक खाणं आहे, आणि रावेर-यावलच्या पट्ट्यात ते मागायलाही लागत नाही. कुणी आग्रह करायला लागलं, तर 'केळं द्या' म्हण. काहीतरी मागून घेतलं की वाढणाऱ्याचा हात समाधानानं थांबतो.

आता कानबाई. तुझ्या मनावर सगळ्यात जास्त ओझं याचं आहे, हे पत्रातून जाणवतं. रोटांना नाही म्हणणं म्हणजे सांजोरीला नाही म्हणणं नव्हे. घरातली माणसं मोजून सव्वा-सव्वा मूठ गहू आणि हरभऱ्याची डाळ घ्यायची, ते रोट भाऊबंदकीतच खायचे, बाहेर जाऊ द्यायचे नाहीत. जो खातो तो आपला, असा त्या घासाचा अर्थ आहे. म्हणून नव्या सुनेनं रोट खाल्ला नाही, तर कुणाच्या तरी मनाला लागणारच. इथे तू एकटीनं बोलू नकोस. सासूबाई तुझ्या बाजूच्या आहेत, हे तुझं मोठं भाग्य आहे. त्यांनी थोरल्या जावेशी, चुलतसासूंशी आधी बोलावं, आणि यजमानांनी पुरुषमंडळींत सांगावं. 'जायचंच नको' म्हणणं सोपं आहे. 'माझ्या बायकोला डॉक्टरांनी गहू कायमचा बंद केलाय, तिचा वाटा मी खाईन' हे भावकीत उभं राहून म्हणणं हे त्यांचं काम आहे. सुनेनं म्हटलं तर ते नखरे ठरतात, मुलानं म्हटलं तर तो निरोप होतो.

रोट हातात घे, कपाळाला लाव आणि यजमानांच्या ताटात ठेव. मग हात साबणानं धू. प्रसाद म्हणून नारळाचा तुकडा माग. आणि कानबाईचं बाकीचं जेवण नीट बघितलंस, तर त्यात तुझ्यासाठी बरंच आहे. पुरण म्हणजे हरभऱ्याची डाळ आणि गूळ. ते शिजून वाटलं गेलं, की कणकेचा हात लागायच्या आधी तुझी वाटी भरून झाकायची. वर तूप घालून खा, पोळीची उणीव भासणार नाही. पुरणयंत्र आधी स्वच्छ धुतलं आहे एवढं बघ. गंगाफळाची भाजी तुला चालते. कटाची आमटी हिंगाविना असेल तर चालते. खीर कशाची आहे ते विचार. तांदळाची असेल तर घे, गव्हाची किंवा शेवयांची असेल तर नको. आरत्यांना, गाण्यांना, रात्रभराच्या जागरणाला, सोमवारच्या विसर्जनाला सगळ्यांच्या पुढे राहा. बाई मनापासून आली आहे हे दिसलं, की रोटाची गोष्ट मागे पडते.

लग्नाचं वेगळं सांगते, कारण तिथे मी तुला पंगतीत जेवायला सांगणार नाही. वरण, बट्टी, वांग्याची घोटलेली भाजी. त्यातलं वरण आणि भाजी तुला चालण्यासारखी वाटेल, पण आचाऱ्याच्या मांडवात बट्टीच्या कणकेचे हात सगळ्या पातेल्यांना लागतात. वाढपी पोरं एका हातानं बट्टी फोडतात, दुसऱ्यानं वरण घालतात. एवढ्या गर्दीत कुणाला काय सांगणार, आणि कोण ऐकणार? घरून पोटभर जेवून निघ, आणि पिशवीत भाकरी, शेंगदाण्याची चटणी, गूळ असू दे. बहीण सख्खी मावसबहीण आहे, मावशीच्या घरचं लग्न आहे. तेव्हा फार तर मावशीला सांगून हळदीच्या दिवशी घरच्या चुलीवर तुझ्यापुरता भात शिजवून घे. पंगतीत बस जरूर, सगळ्यांबरोबर गप्पा मार, वाढायलाही लाग, फक्त बट्टीची परात दुसरीला दे. जिलेबी मैद्याची, शिरा रव्याचा, हे तुला माहीत आहे. बुंदी बेसनाची असली तरी ते बेसन आणि ते तेल कुणाचं काय सांगावं, सोडून दे.

माहेरीही एक सवय लाव. दरवेळी तूच का जायचं? थंडीत त्यांना तुझ्याकडे बोलाव, भरताला. जळगावच्या भरिताच्या वांग्यांना २०१६ मध्ये भौगोलिक मानांकन मिळालं; ती वांगी आण, तुराट्यांवर भाज, बडगीत ठेच, कांद्याची पात, हिरवी मिरची, दाणे घाल. सोबत तुझ्या घरघंटीच्या पिठाची कळण्याची भाकरी. पुऱ्या त्या दिवशी करूच नकोस. काकू पोटभर जेवल्या की त्यांना सांग, आज जे जेवलात ते सगळं मला चालणारं होतं. फोनवर चार वेळा सांगून जे डोक्यात शिरत नाही, ते या एका जेवणानं शिरेल. पुढच्या आखाजीला त्या आपणहून विचारतील, याची मला खात्री वाटते.

एवढं करूनही कधीतरी चूक होईल. झालीच, तर पाणी, ताक, मीठ-साखरेचं पाणी घे, आराम कर, हलकं खा. गेलेलं ग्लुटेन मारणारं औषध नाही. कुणी चूर्ण, काढा देऊन 'आता खा बिनधास्त' म्हणालं तर ऐकू नकोस. उलट्या-जुलाब थांबेनात, पाणी पोटात ठरेना, तर दवाखान्यात जायला उशीर करू नकोस. आणि काय खाल्लं होतंस ते त्याच दिवशी लिहून ठेव. मामांकडच्या जेवणाचं कोडं असंच सुटेल.

शेवटचं, आणि हे या आठवड्यातच कर. तुझ्या आईची, वडिलांची, भावंडांची रक्ततपासणी करून घे, आणि पुढे मुलं झाली की त्यांचीही. हा आजार रक्ताच्या नात्यात उतरतो. रुग्णाच्या अगदी जवळच्या नातलगांत साधारण दहात एकाला तो निघू शकतो, आणि पुष्कळांना काहीच लक्षण नसतं. तपासणीचं नाव टीटीजी. फक्त तपासणी होईपर्यंत त्यांनी गहू नेहमीसारखा खात राहायला हवा. तुझं बघून कुणी आधीच पोळी सोडली असेल, तर आजार असूनही अहवाल स्वच्छ येऊ शकतो.